ब्रश कारखान्यातल्या अकराजणी

वॉल्डरबी,
३ मार्च १९८७

प्रिय विल्फ,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझ्या नाताळच्या पत्राला मार्चात उत्तर देतेय, तेव्हा आधीच कान पकडते. पण ऐक तरी कारण. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि तुझी बहीण पुन्हा कामाला लागली आहे! नगरपालिकेत हिलरी प्रॉसर नावाची एक मुलगी आली आहे, चोवीस वर्षांची, कुठल्याशा समुद्रकाठच्या गावची. तिला आपल्या गावावर पुस्तिका काढायची आहे. तू गेलास तेव्हा आपण नऊ हजार होतो, आता अडतीस हजार आहोत. स्टेशनामागे गुडलिफचं सलगमाचं शेत होतं ना, तिथे दोन हजार घरं उठतायत. येणारी माणसं सगळी लंडनची. त्यांना धान्यबाजाराची इमारत कुठली आणि चर्च कुठलं तेही कळत नाही. तर प्रत्येक घराच्या पत्रपेटीत एक ‘तुम्हाला ठाऊक आहे का?’ टाकायचं, म्हणजे लोकांना गाव आपलं वाटेल, असं हिलरीचं म्हणणं. ती वाचनालयात गेली आणि गावातल्या गमती कुणाला माहीत आहेत म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी माझ्या घराचा पत्ता दिला.

मी तिला आतापर्यंत बावीस गोष्टी दिल्यात. सर्कशीतला हत्ती मेला तो आता पोहण्याच्या तलावाखाली पुरलेला आहे, चर्चचं घड्याळ चार मिनिटं मागे का, ती गाणारी बाई धुक्यात गाडी अडकली म्हणून स्टेशनच्या प्रतीक्षागृहात कशी गायली, आणि अमेरिकेत आपल्या नावाचं एक गाव आहे ज्याचे लोक नावाचा उच्चार चुकीचा करतात. हिलरी हत्तीवर फार खूश आहे.

आता मुद्द्याचं. पुस्तिकेतली मुख्य गोष्ट अडतीस सालच्या आगीची असणार. ब्रशच्या कारखान्याचा मुकादम पर्सी लॅमिंग जळत्या जिन्यातून सात मुलींना खांद्यावर घेऊन बाहेर आला, त्याचं पदक, पुढे त्याचं नगराध्यक्ष होणं, सगळं. नव्या वस्तीतल्या मोठ्या रस्त्याला ‘लॅमिंग मार्ग’ नाव द्यायचं ठरलंय. कारखान्यातल्या पुरुषांपैकी तू एकटाच उरला आहेस, म्हणून हिलरीने तुझ्याकडून चार ओळी मागितल्यात. तू तिथे भांडारात होतास, सगळं डोळ्यांनी पाहिलंस. लॅमिंग बाहेर आला तेव्हा कसा दिसत होता, एवढं लिहिलंस तरी पुरे. आपल्या डोरिसचं आणि त्या आगीत गेलेल्या बाकीच्या दहाजणींचं नाव त्यात येईल हे मी बघते.

बाकी क्षेम. तिकडे उन्हाळा सरत आला असेल. उरलेलं ऊन आणि माझ्यावरची माया, दोन्ही जपून ठेव.

तुझी,
एनिड


टिमारू, न्यूझीलंड,
१९ मार्च १९८७

प्रिय एनी,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. नोलाला हत्तीची गोष्ट वाचून दाखवली, ती म्हणाली की तुझ्या गावात जिवंत माणसांपेक्षा पुरलेला हत्तीच जास्त कामाचा दिसतो. मी म्हटलं, तसंच आहे. तुझ्या बावीस गोष्टींत एक भर घाल. नदीवरच्या पुलाला सात कमानी आहेत असं सगळे सांगतात, पण आहेत आठ. आठवी धोबिणींच्या अंगणात बुजलेली आहे. मी लहानपणी तिच्यात मान अडकवून घेतली होती आणि वडिलांना साबण लावून मला सोडवावं लागलं होतं.

माझे गुडघे कुरकुरतात, पण बागेतले टोमॅटो यंदा मुठीएवढे झाले.

लॅमिंगबद्दल मात्र लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. धूर होता, माणसं धावत होती, एवढंच. पन्नास वर्षांपूर्वीचं कोण काय सांगणार! खरं सांगू का, त्या लंडनच्या माणसांना नव्या घरात शिरल्या शिरल्या मेलेल्या पोरींची गोष्ट कशाला हवी? आग गाळून टाक. रस्त्याला झाडाचं नाव द्या, फुलाचं द्या. हिलरीला माझ्याकडून तसं सांग.

आणि मला गावच्या आठवणी विचारतेस, तर एक मीही विचारतो. मी एकोणचाळीस साली निघालो तेव्हापासून आई जाईपर्यंत, बावीस वर्षांत, तिने स्वतःच्या हाताने मला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या पत्रात तिचे आशीर्वाद यायचे, तेवढ्यावर मी राहिलो. हे असंच मनात आलं म्हणून लिहिलं. रागावू नकोस.

नोलाचा नमस्कार. आपल्या दोघांत समुद्र आहे, पण लोभात तेवढं अंतर पडू देऊ नकोस.

तुझा,
विल्फ


वॉल्डरबी,
२ एप्रिल १९८७

प्रिय विल्फ,

स. न. वि. वि.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. पुलाच्या कमानीबद्दल तुला साबणासकट सगळं आठवतं, आणि ज्या दिवशी आपली बहीण गेली त्या दिवसाचा फक्त धूर आठवतो?

मला वाटलं, दुःखाने लिहवत नसेल, म्हणून मी दुसरीकडे विचारायला गेले. आयव्ही टेबट आठवते का? लॅमिंगने बाहेर काढलेल्या सातजणींपैकी ती सहावी. आता एकाहत्तरची आहे, वृद्धांच्या वसाहतीत राहते, डाव्या हाताची बोटं अजून उघडत नाहीत. मी केक घेऊन गेले, रस्त्याचं नाव सांगितलं. तिने कप खाली ठेवला आणि मला म्हणाली की लॅमिंगच्या नावाच्या रस्त्यावरून मी शवपेटीतूनसुद्धा जाणार नाही, आणि पुढचं काही विचारायचं असेल तर तुझ्या भावाला विचार, किल्ली कुणी फिरवली ते. मी म्हटलं, कसली किल्ली? तर ती म्हणाली, तुला खरंच ठाऊक नाही? मग म्हणाली की चौकशीला तिला कुणी बोलावलंच नव्हतं. सातजणींपैकी एकीलाही नाही. पोरी घाबरलेल्या आहेत, त्यांना काय विचारायचं, असं म्हणून पुरुषांच्याच साक्षी झाल्या.

मी तिथून सरळ वाचनालयात गेले आणि जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड काढले. तुझी साक्ष छापलेली आहे, विल्फ. मागच्या जिन्याचं दार ओलाव्याने फुगून बसलं होतं, मुकादमांनी आणि मी खांदा देऊन ते उघडलं, असं तू शपथेवर म्हणालास. त्याच अंकाच्या दुसऱ्या पानावर हवामानाची नोंद आहे. मी एकतीस वर्षं वाचनालयात काढली, दुसरं पान वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. आग लागली तो नोव्हेंबरचा अख्खा आठवडा कोरडा होता. पाऊस नाही, धुकंही नाही.

मला फुलाझाडांची नावं सुचवू नकोस. दाराचं काय ते लिही.

वाट पाहते.

एनिड


टिमारू,
२० एप्रिल १९८७

प्रिय एनी,

नमस्कार वगैरे राहू दे. आठवडाभर रोज कागद घेऊन बसतो आणि उठतो. आज नोला मुलीकडे गेली आहे, म्हणून लिहून टाकतो.

दार फुगलेलं नव्हतं. दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

तुला कारखाना आतून माहीत नाही. मुली वरच्या माडीवर बसायच्या. मधे डांबराच्या कढया उकळत असायच्या, त्यात ब्रशच्या केसांचा झुबका बुडवायचा आणि लाकडात बसवायचा. वास असा यायचा की डोकं गरगरायचं. म्हणून मुली अधूनमधून मागच्या जिन्याने अंगणात उतरायच्या, पाच मिनिटं वारा खायला. लॅमिंगला ते खपत नसे. त्या महिन्यात त्याने मला सांगितलं की जेवणाची सुट्टी संपली की खालचं दार बाहेरून बंद करत जा. मी म्हटलं, बरं. एनी, मी एवढंच म्हटलं. आपली डोरिस वर होती. मी पहिल्यांदा दार लावलं त्या संध्याकाळी तिनेच मला घरी सुनावलं होतं की तुरुंगाचा शिपाई झालास का रे? मी हसलो होतो.

आगीच्या दिवशी मी दार लावलं आणि केसांचे गठ्ठे आलेत का बघायला मालधक्क्यावर गेलो. गठ्ठे आले नव्हते. लगेच परत यायला हवं होतं. पण शेजारच्या मैदानात फुटबॉलचा सराव चालला होता, मी कुंपणाला टेकून बघत उभा राहिलो. पंधरा मिनिटं असतील. मग धूर दिसला.

मी धावत आलो तेव्हा लॅमिंग त्या दारावर खांदे आपटत होता आणि माझं नाव घेऊन ओरडत होता. पुढचा जिना पेटला होता. आतून दारावर लाथा बसत होत्या, त्या मी आल्यावर कमी कमी होत गेल्या. मी किल्ली फिरवली. तो आत गेला. सातजणींना त्यानेच काढलं हे खोटं नाही, त्याचे हात कोपरापर्यंत भाजले होते. मी दोन पायऱ्या चढलो आणि माघारी आलो.

चौकशीच्या आदल्या दिवशी तो पट्ट्या बांधलेल्या हातांनी माझ्याकडे आला. म्हणाला की हुकूम माझा होता आणि किल्ली तुझ्याकडे होती, दोघंही तुरुंगात जाऊ. नाहीतर सांगायचं की दार फुगलं होतं. मी म्हटलं, बरं.

त्याच्यावर सगळं ढकलता येईल, मेलेला आहे तो. पण ती पंधरा मिनिटं त्याने मला सांगितली नव्हती.

लोभ मागायचा हक्क मला उरला आहे की नाही, ते तू ठरव.

विल्फ


वॉल्डरबी,
६ मे १९८७

विल्फ्रेड,

तुझं पत्र घेऊन मी आयव्हीकडे गेले. मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली की हे तिला एकोणपन्नास वर्षं माहीत आहे. दाराला आतून लाथा मारणाऱ्यांत तीही होती. फुगलेलं दार उघडतं तेव्हा करकरतं, पण तिला ऐकू आला तो कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज, आणि दार उघडल्यावर पहिला चेहरा दिसला तो तुझा.

मग मी विचारलं की तू बोलली का नाहीस. तेव्हा जे कळलं ते तुला कळायला हवं. बोलली ती. आग लागून आठवडा झाल्यावर, हाताला फडकं गुंडाळलेलं असताना, ती आपल्या स्वयंपाकघरात येऊन आईला सगळं सांगून गेली. आई भांडी पुसत होती. तिने ऐकून घेतलं आणि आयव्हीला म्हणाली की माझी एक गेली, दुसऱ्याला फासावर चढवू नकोस. आयव्हीने आईला शब्द दिला आणि तो आई गेल्यावरही पाळला. लॅमिंगला पदक मिळालं त्या समारंभात या सातजणींना पहिल्या रांगेत बसवून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. आयव्हीला एकाच हाताने वाजवता येईनात, म्हणून तिने मांडीवर थापट्या मारल्या.

तुला न्यूझीलंडला जायचा आग्रह आईनेच केला होता, आठवतं? तुझं भलं व्हावं म्हणून, असं तू आजपर्यंत समजत होतास. मीही.

आणि आता माझं खोटंही ऐकून ठेव. आईचे आशीर्वाद मी लिहायचे. दर पत्राच्या वेळी मी तिला विचारायची की विल्फला काय कळवू, आणि ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. मला वाटायचं, दुरावा सहन होत नाही बिचारीला. मग मीच लिहायची, आई बरी आहे, तुझी फार आठवण काढते. बावीस वर्षांत तिने तुझं नाव उच्चारलं नाही.

पुढच्या महिन्यात रस्त्यांची नावं कायम करायची सभा आहे. मला जे लिहिलंस ते तिथल्या न्यायाधीशासमोर शपथेवर लिहून दे आणि टपालाने पाठव. गुडघे दुखतात हे कारण चालणार नाही.

एनिड


टिमारू,
२५ मे १९८७

प्रिय एनी,

प्रतिज्ञापत्र सोबत आहे. इथे असे कागद मानद न्यायाधीश करतात, ते म्हणजे आमच्याच गल्लीतले निवृत्त शिक्षक, मला वीस वर्षं ओळखतात. सही-शिक्का करून त्यांनी कागद हातात दिला, पण नेहमीसारखं दारापर्यंत सोडायला आले नाहीत. नोलालाही सांगितलं. ती मुलीकडेच राहिली आहे.

आईबद्दल वाचलं.

एक विचारतो. मी आलो तर? सभेला नाही, नंतर. आयव्हीला भेटेन, डोरिसच्या थडग्यापाशी उभा राहीन. तू म्हणशील तेव्हा निघेन.

उत्तराची आस धरून,
विल्फ


वॉल्डरबी,
३० जून १९८७

विल्फ,

सभा झाली. ती कशी झाली ते सांगायचं कर्तव्य आहे म्हणून लिहिते.

मी तुझं प्रतिज्ञापत्र वाचलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की परदेशातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या आठवणीवरून गावाच्या एका सन्मान्य नगराध्यक्षांना दोषी कसं ठरवायचं. तेव्हा आयव्ही उभी राहिली. तिने हातमोजा काढला आणि म्हणाली की आठवण मलाही आहे, ही बघा. सभागृहात निम्मे नव्या वस्तीतले लोक होते, त्यांना काय चाललंय ते कळेना. एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली होती, तिने विचारलं की त्या अकरा मुलींची नावं काय होती. अध्यक्षांनी कागद चाळले. त्यांच्याकडे नव्हती. मी सांगायला उठले तर ते म्हणाले की वेळ झाली आहे, लेखी द्या.

निकाल असा की लॅमिंगचं नाव गेलं. पण चूक झाली म्हणून नाही, वाद नको म्हणून. रस्त्याला ‘फळबाग मार्ग’ नाव दिलं. त्या जागी कधी फळबाग नव्हती, सलगम होते. तुझी सूचनाच पास झाली म्हण. पुस्तिकाही आली. हत्ती आहे, घड्याळ आहे, गाणारी बाई आहे. कारखान्यावर एक ओळ आहे: तुम्हाला ठाऊक आहे का, वॉल्डरबीत एका आठवड्यात वीस हजार ब्रश बनत? आग नाहीच. हिलरी स्वतः येऊन माझ्या दारात रडली. ती म्हणाली की तिने भांडून पाहिलं, पण वरून सांगितलं गेलं की वादग्रस्त मजकूर नको. तिच्यावर मी रागावले नाही. तुझ्यावरचा राग अजून पुरून उरतोय.

येऊ नकोस. आयव्हीला मी विचारलं. ती म्हणाली की तिला त्या दारात तुझा चेहरा एकदा दिसला तेवढा पुष्कळ झाला. आणि मी, खरं सांगते, स्टेशनवर तुला घ्यायला येऊ शकणार नाही. माझे पाय येणार नाहीत.

पण एक काम कर. ती कडेवर मूल घेतलेली बाई दुसऱ्या दिवशी वाचनालयात आली, नावं मागत. नावं मी देऊ शकते, वर्तमानपत्रात आहेत. पण कोण कुठे बसायची, कशी होती, हे छापलेलं नाही. रोज सकाळी केसांचे झुबके मोजून तूच प्रत्येकीच्या बाकावर ठेवायचास. तू लिही. अकराच्या अकरा, बाकांच्या क्रमाने, तुझ्या हाताने. तो कागद मी वाचनालयात ठेवीन. पुस्तिकेत नसेना का.

एनिड


टिमारू,
१८ जुलै १९८७

एनी,

लिहिलं. पहिला बाक खिडकीपाशी, मेबल कॉब्ली, सगळ्यांत मोठी, तीस वर्षांची. डांबर बोटाला चिकटलं की साखर चोळायला तिने सगळ्यांना शिकवलं. दुसऱ्या बाकावर हेम्स बहिणी, रोझ आणि क्वीनी, एका बाकावर दोघी बसायच्या आणि दिवसभर भांडायच्या. मग हेटी मन, तिचं लग्न जानेवारीत होतं. मग आपली डोरिस. मी तिच्या बाकावर एक झुबका जास्त ठेवायचो म्हणजे ती ओरडायची. एड्ना शार्मन, तोतरी होती पण गाताना नाही. लिलियन टून. तिच्याबद्दल मला एवढंच आठवतं की तिने मला एकदा सफरचंद दिलं. गर्टी प्लाउराइट आणि ऑलिव्ह फ्रिस्बी, दोघींची पैज असायची कोण आधी संपवतं. व्हेरा डॅल्बी भिंतीकडे तोंड करून बसायची, चेहऱ्यावर देवीचे व्रण होते म्हणून.

दहा झाल्या. अकरावी शेवटच्या बाकावर होती, मागच्या जिन्याच्या अगदी जवळ. ती त्याच सोमवारी कामाला लागली होती. आईचा एप्रन दुमडून बांधायची. मी तिच्यासमोर झुबके ठेवले तर तिने मला साहेब म्हटलं. दार उघडलं तेव्हा सगळ्यांत पुढे तीच होती, दाराला टेकून. तिचा चेहरा मी रोज बघतो. नाव आठवत नाही. आठ दिवस प्रयत्न केला. मला ते नाव कधी माहीतच नव्हतं की काय, असं वाटायला लागलंय.

एवढंच आहे माझ्यापाशी.

विल्फ


वॉल्डरबी,
३१ जुलै १९८७

विल्फ,

तिचं नाव फिलिस ऑर्म. वय पंधरा. पंप गल्लीतल्या गवंड्याची मुलगी.

तुझा कागद परत पाठवते आहे. खाली जागा आहे. नाव तुझ्या हाताने लिही, आणि पाठव.

एनिड